ऑर्किडच्या हरितगृहात चित्रकाराने नेमके काय पाहावे?

चित्रवही, अंबाजोगाई

नमस्कार. मी अंबाजोगाईत राहते आणि गेली अठरा वर्षे शाळेत चित्रकला शिकवते. माझी स्वतःची चित्रे आपल्याच मुलखाची आहेत: भेगाळलेले काळे रान, बोरी-बाभळी, तुराट्यांचे गंज, पांढऱ्या मातीची माळवदे. दोन वर्षांपासून हात त्याच मातकट रंगांत अडकल्यासारखा झाला होता, म्हणून गेल्या आठवड्यात मी लातूर जिल्ह्यातील एका शेतकऱ्याचे ऑर्किडचे हरितगृह पाहून आले. बाहेर 42 अंशांचे ऊन होते. आत पाऊल टाकले आणि कोरड पडलेला घसा आपोआप ओलावला. जांभळ्या-पांढऱ्या डेंड्रोबियम या ऑर्किडच्या रांगा या टोकापासून त्या टोकापर्यंत लागलेल्या पाहून मी काही वेळ वही उघडायचेच विसरले.

दोन तासांत मोबाइलवर दोनशेच्या वर छायाचित्रे काढली आणि जलरंगात आठ चित्रे केली. घरी येऊन ती जमिनीवर मांडली, तेव्हा त्यांतले एकही मला माझे वाटले नाही. फुले देखणी आहेत, पण ती शुभेच्छापत्रावर छापलेल्या फुलांसारखी आहेत. फुलाचा जांभळा रंग छायाचित्रात निळसर आला आहे आणि माझ्या चित्रात गढूळ. हातकागद तिथल्या दमट हवेत मऊ पडला, रंगाचा एक हात वाळेपर्यंत दुसरा देता येईना. त्यातल्या त्यात पाने बरी उतरली आहेत, कारण त्यांच्यावरची पांढऱ्या ठिपक्यांची नक्षी मला फार आवडली होती.

माझी खरी अडचण मात्र वेगळीच आहे. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आले, त्या दिवसांत मी लातूरला बहिणीकडे होते आणि टँकरपुढच्या घागरींच्या रांगेत उभी राहिले होते. त्याच जिल्ह्यात फवाऱ्याखाली भिजणारे हे फूल रंगवताना ते परक्या मुलखातून आणून ठेवल्यासारखे वाटत राहिले. पुढच्या आठवड्यात पुन्हा जायचे ठरवले आहे. अशा ठिकाणी नेमके काय पाहावे आणि कुठून सुरुवात करावी, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

शेडनेट, औसा

ताई, तुम्ही पाहिलेले हरितगृह माझे नाही, पण माझेही दहा गुंठ्यांत डेंड्रोबियम आहे, म्हणून लिहितो. पाण्याचे आधी सांगतो, कारण ते तुमच्या मनाला लागलेले दिसते. ऑर्किड मातीत लावत नाहीत. नारळाच्या सालीच्या तुकड्यांत आणि कोळशात ते वाढते, त्यामुळे त्याला जमीन भिजवणारे पाणी द्यावेच लागत नाही. थोडे पाणी वारंवार द्यावे लागते. आमच्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार फार असतात आणि ते या पिकाला सोसत नाहीत, म्हणून मी छतावरचे पावसाचे पाणी अस्तर टाकलेल्या शेततळ्यात साठवतो. छताचे क्षेत्र 1,000 चौरस मीटर धरले, तर 1 मिलिमीटर पावसाचे 1,000 लिटर पाणी होते. पाऊस 500 मिलिमीटरच झाला, तरी गळती आणि बाष्पीभवन सोडून हिशेब पाच लाख लिटरचा होतो. आत येणारी हवा गार करणारे भिंतीतले जाळीदार पॅड ओले ठेवायला आणि धुक्यासारखे तुषार उडवणाऱ्या फॉगरला पाणी लागते, हे मी नाकारत नाही. पण आपली हवा कोरडी असल्यामुळे उन्हाळ्यात ओल्या पॅडमधून ओढलेली हवा चांगली गार होते. श्रावणात हवाच दमट असते, तेव्हा तेच पॅड फारसे काम करत नाहीत.

तुम्हाला आवडलेली पानांवरची पांढरी नक्षी म्हणजे बहुधा बोअरच्या पाण्यातले क्षार असावेत. फवाऱ्याचे पाणी पानावर वाळते आणि तेवढे डाग मागे राहतात. ओल्या फडक्याने एक पान पुसून पाहिले, तर लगेच कळेल.

आता पाहण्याविषयी. सकाळी सातच्या सुमारास जावे. दांड्यावरची साधारण पाऊण फुले उमलली की आम्ही दांडा काढतो, त्यामुळे पूर्ण उमललेला दांडा व्यापारी हरितगृहात फार दिवस उभा राहत नाही. मालकाला आधी फोन करून एक दांडा राखून ठेवायला सांगावे. दांडा खालून वर उमलत जातो: तळाशी सर्वांत जुने फूल, मध्ये ताजी फुले आणि शेंड्याला हरभऱ्याएवढ्या कळ्या, म्हणजे एका फुलाचे सारे वय एकाच दांड्यावर ओळीने पाहायला मिळते. फुलाच्या मधोमध बोट लावू नये; तिथली परागाची टोपी निघाली की फूल लवकर कोमेजते. पिशवीत पिकलेले आंबेही नेऊ नयेत, कारण पिकत्या फळांतून इथिलीन वायू बाहेर पडतो आणि त्याने फुले माना टाकतात. आणखी एक: शेडनेट, म्हणजे सावलीसाठी वर लावलेली जाळी, हिरवे असेल, तर आतल्या उजेडात जांभळा रंग खरा दिसत नाही. गळून पडलेले एखादे फूल मागून घ्यावे आणि बाहेर पांढऱ्या कागदावर ठेवून त्याचा रंग पाहावा.

पानफूल, नांदेड

मी वनस्पतिशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक आहे. ताई, आपला प्रश्न दोनदा वाचला आणि मला वाटते की आपल्या अडचणीचे उत्तर फुलात नसून मुळांत आहे. ऑर्किड हे मुबलक पाण्यात वाढणारे झाड आहे, हा समजच तपासून पाहायला हवा. हरितगृहात आपण पाहता ती बहुतेक ऑर्किडे मुळात झाडांच्या फांद्यांवर राहणारी आहेत. फांदीवर माती नसते. पावसाचे पाणी सालीवरून ओघळते आणि घटकाभरात ती साल पुन्हा कोरडी पडते. दोन सरींमधले कोरडे दिवस काढता यावेत, म्हणून या वनस्पतीने जाड पाने आणि फुगीर खोडे धारण केली आणि मुळांभोवती मृत, पोकळ पेशींचे स्पंजासारखे वेष्टन तयार केले. कोरडे असताना त्या पेशींत हवा असते, म्हणून मूळ चांदीसारखे दिसते. पाणी पडले की पेशी भरतात, वेष्टन पारदर्शक होते आणि आतला हिरवा रंग वर येतो. अवर्षण सोसण्याची ही सारी तयारी आहे. बाभळीने ती एका रीतीने केली आणि ऑर्किडने दुसऱ्या.

पुष्कळ जण त्याला बांडगूळ म्हणतात, तेही बरोबर नाही. बांडगूळ झाडाचा रस शोषते, ऑर्किड फांदीवर नुसते बसते. आंब्याच्या झाडावर आढळते म्हणून मराठीत त्याला आमरी असे जुने नाव आहे. आपल्याच मराठवाड्यात, किनवटच्या जंगलात, मी वांडा टेसेलाटा हे ऑर्किड पाहिले आहे. पाकळ्या पिवळसर-हिरव्या, त्यांच्यावर तपकिरी रेषांची चौकटी जाळी आणि मध्ये निळसर-जांभळा ओठ असे ते फूल असते. वांडा हे नाव संस्कृतातील वन्दाक या शब्दावरून आले आहे. तेव्हा हे फूल आपल्याकडे परके नाही. हरितगृहातले संकर तेवढे बाहेरून आलेले आहेत.

फुलाची रचनाही नीट पाहावी. बाहेर तीन निदले (पाकळ्यांसारखीच दिसणारी बाहेरची दले), आत दोन पाकळ्या आणि तिसऱ्या पाकळीचा झालेला ओठ, असा हा संसार आहे. कळी असताना ओठ वरच्या बाजूला असतो; उमलताना देठ अर्धा फेरा पिळला जातो आणि ओठ खाली येतो, म्हणजे येणाऱ्या कीटकाला उतरायला ओटा मिळतो. देठावरच्या बारीक रेषांत हा पीळ पुष्कळदा डोळ्यांनी दिसतो. डेंड्रोबियमचे फूल मागूनही पाहावे, तिथे हनुवटीसारखा एक फुगवटा असतो. समोरून काढलेली सगळी ऑर्किडे एकसारखी दिसतात, याचे कारण चित्रकार हा पीळ आणि ही हनुवटी सोडून देतो. पांढऱ्या फुलात पांढरा रंग नसतो. पाकळीच्या पेशींमधल्या हवेवरून उजेड परततो, म्हणून ती पांढरी दिसते. तिथे जलरंगात कागद कोरा ठेवणे शास्त्रालाही धरून होईल.

काठपदर, पैठण

मी पैठणीसाठी नक्षी काढतो. मागे एका ग्राहकाने पदरावर ऑर्किड मागितले होते, तेव्हाचा अनुभव सांगतो. अजिंठ्याच्या छतावरचे कमळ आमच्या काठात सहज बसते, कारण वर्तुळातले कमळ कसेही फिरवले तरी कमळच राहते. ऑर्किडला मात्र चेहऱ्यासारखी फक्त डावी आणि उजवी बाजू असते आणि त्याचे वर-खाली ठरलेले असते. पदर खांद्यावरून मागे पडला की माझी सगळी फुले उलटी लटकत होती. शेवटी मी एकेक फूल सोडून सबंध झुकलेला दांडा घेतला, तेव्हा नक्षी जिवंत झाली. आपणही फुले मोजण्यापेक्षा दांड्याचा बाक आधी काढून पाहावा.

रंगाविषयी एवढेच सांगतो की गडद निळ्यात भडक लाल मिसळून हा जांभळा मिळत नाही, त्यात पिवळ्याचा अंश येतो आणि रंग मळतो. क्विनाक्रिडोन मॅजेंटा हा गुलाबी-जांभळा रंग पातळ लावून, तो वाळल्यावर वरून अल्ट्रामरीन निळ्याचा हलका हात द्यावा. अलिझरीन क्रिमझन हा गडद लाल टाळावा, तो उजेडाने उडतो. वाळवण्याचे काम घरी करावे आणि आत फक्त पेन्सिल चालवावी.

चित्रवही, अंबाजोगाई

सर, दादा, आपण सर्वांनी एवढ्या आस्थेने लिहिलेत, याबद्दल मनापासून आभार. काल पुन्हा जाऊन आले. मोबाइल पिशवीतच ठेवला होता. मालकांनी एक दांडा राखला होता, पण मी आधी हरितगृहाच्या शेवटच्या टोकाला गेले, जिथे लाकडी पट्ट्यांच्या टोपल्यांत वांडाची दहा-बारा झाडे टांगलेली आहेत. त्यांची मुळे वडाच्या पारंब्यांसारखी हातभर खाली लोंबत होती, राखाडी आणि सुतळीपेक्षा जाड. टोकाला मात्र बोटाच्या पेराएवढा कोवळा हिरवा भाग होता. सव्वासातला तिथल्या ताई फवाऱ्याची नळी घेऊन आल्या. पाणी पडले तिथून हिरवा रंग मुळावरून खाली उतरत गेला, जिथे थेंब पोहोचला नाही तिथे राखाडी पट्टा तसाच राहिला. माझे शिसे कागदावर टेकायच्या आत एक मूळ पूर्ण हिरवे झाले होते. मी ते पहिल्या पावसात काळ्या रानाचा रंग बदलताना अनेकदा पाहिले आहे, पण इतक्या जवळून कधी पाहिले नव्हते.

सहा पानांवर फक्त मुळे काढली आणि फूल एकच, तेही मागच्या बाजूने, पिळलेल्या देठासह. दादा, पान पुसून पाहिले, ते क्षारच निघाले. तरीही पहिल्या चित्रातले ते ठिपके मी खोडलेले नाहीत, कारण ते इथल्याच बोअरच्या पाण्याचे आहेत. सर, किनवटच्या वांडाला फुले कोणत्या महिन्यात येतात आणि तिथे जाण्यासाठी वनविभागाची परवानगी लागते का, एवढे कृपया कळवावे.