कसर लागली म्हणजे नेमके काय लागले?

प्रश्न
देवळातल्या चवरीचे केस झडताहेत, मोर्चेलाची पिसे मधूनच कुरतडल्यासारखी दिसतात आणि खुंटीवरच्या डफाच्या कातड्याला बारीक भोके पडली आहेत. तिन्हींना ‘कसर लागली’ असेच म्हणतात. हा शब्द तिन्हीकडे चालतो का? आणि डफाला ‘कातडे’ म्हणावे की ‘चामडे’?

उत्तर
बोलण्यात चालतो, पण उपाय करायला निघालात की हाच शब्द घोटाळा करतो. (तापाची कसर आणि हिशेबातली कसर हे अर्थ इथे बाजूला ठेवू.) किडा म्हणून कसर ही मुळात चंदेरी, शेपटीला तीन केस असलेली, पुस्तकाच्या बांधणीतून सुळकन पळणारी. तिला खळ, डिंक, कागद हवा. केस, लोकर आणि पीस केराटिन या चिवट प्रथिनाचे असतात आणि ते पचवणे तिचे काम नाही. ते पचवतात दोन अळ्या: एक कपड्यांच्या पतंगाची, दुसरी भुंगेऱ्याची.

ओळखायचे असे. पीस उजेडासमोर धरा. दांडीच्या एका बाजूचे तंतू तुटक्या फणीच्या दातांसारखे आखूड झाले असतील आणि बुडाशी रेशमासारखे जाळे किंवा नळी चिकटलेली असेल, तर पतंगाची अळी. जाळे नाही, पण तपकिरी, केसाळ, पोकळ साले पडलेली असतील, तर भुंगेऱ्याची अळी. त्या सालांना ‘कात’ म्हणावे, अळीनेही कातच टाकलेली असते. हा भुंगेरा दोन-चार मिलिमीटरचा, चितकबरा. मोठा झाल्यावर तो फुलांतले पराग खातो, म्हणून खिडकीच्या काचेवर सापडतो. पतंग उलट उजेड टाळतो. खिडकीत भुंगेरे दिसले, तर चवरी आणि मोर्चेल त्याच दिवशी झटकून पाहावे.

डफाची भोके बहुधा तिसऱ्याची आहेत. सुकी कातडी, हाडे, सुकी मासळी खाणारा काळपट भुंगेरा वेगळा आणि मोठा असतो, पाऊण-एक सेंटिमीटरचा.

दुसरे उत्तर, कातडे-चामडे याबद्दल
डफाला कातडेच म्हणा. ‘कातडे’ आणि सापाची ‘कात’ दोन्ही ‘कृत्ति’वरून आले, ‘चामडे’ ‘चर्म’वरून. व्युत्पत्तीने फरक पडत नाही, वापराने पडतो. मधला शब्द ‘कमावणे’ आहे. बाभळीची साल, हिरडा, तरवड यांच्या पाण्यात मुरवलेले कातडे कमावलेले असते आणि कोल्हापुरी चपलेचे चामडे असे तयार होते. त्या पाण्यातले टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, कातड्यातल्या प्रथिनाला धरून बसते, म्हणून ते सहजी कुजत नाही आणि किड्यालाही कमी रुचते. कमी, अजिबात नाही असे नव्हे. डफ, ढोलकी, तबला यांचे कातडे मात्र केस काढून, ताणून, वाळवलेले असते. ते कच्चेच. ओलावा लागला की मऊ पडते, बुरसते, आणि किड्यासाठी ते सुके मांसच.

म्हणून भोक पडलेले कातडे पुन्हा ताणू नये, भोकापासून सरळ फाटत जाते. बदलावेच लागते. नवे चढवण्याआधी खोडाच्या, म्हणजे वाद्याच्या लाकडी सांगाड्याच्या, आतली कड आणि दोरीखालच्या खाचा कोरड्या ब्रशने साफ कराव्यात, अळी तिथेच दडलेली असते.

तिसरे उत्तर
‘ऊन दाखवणे’ हा आपला लाडका शब्दप्रयोग इथे जपून वापरावा. पावसाळ्यानंतर शालीला ऊन दाखवणे ठीक. त्यात खरे काम झटकण्याचे आहे, झटकल्याने अंडी आणि अळ्या पडतात. ताणलेले कातडे उन्हात आणखी आकसते आणि कडेला चिरते. रंगवलेले पीस विटते. मोरपिसाचा निळा-हिरवा हा रंगद्रव्याचा नाही, पिसाच्या सूक्ष्म रचनेचा आहे, म्हणून तो धुतल्याने उतरत नाही. पण कडक उन्हाने पीस ठिसूळ होते आणि मग मोडते.

पिसे साफ करायची तर मऊ ब्रश दांडीपासून टोकाकडे, तंतूंच्या दिशेनेच फिरवावा. उलटा फिरवला की एकमेकांत अडकलेले तंतू सुटतात आणि पीस विस्कटते. धुवायचेच असेल तर लिटरभर कोमट पाण्यात सौम्य साबणाचे दोन-तीन थेंब, मग साधे पाणी, आणि सावलीत पंख्याखाली पूर्ण वाळवणे.

त्यानंतर ‘गोठवणे’. हा उपाय अंड्यांपर्यंत पोचतो. सुट्या पिसांचा किंवा चवरीच्या केसांचा जुडगा जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत हवा काढून बंद करावा आणि घरच्या फ्रीझरमध्ये, म्हणजे उणे 18 अंशांना, दोन आठवडे ठेवावा. बाहेर काढल्यावर पिशवी चोवीस तास उघडू नये, नाहीतर थंड पिसांवर दव धरते आणि बुरशीला आमंत्रण मिळते. चांदीची मूठ किंवा ताणलेले कातडे फ्रीझरमध्ये घालू नये.

चौथे उत्तर
‘डांबरगोळी’ हे नाव चुकीचे नाही, ती ज्याची असते ते नॅफ्थलिन दगडी कोळशाच्या डांबरातूनच काढत. तिची वाफ हवेपेक्षा जड, म्हणून गोळ्या कापडाच्या पुरचुंडीत, डब्याच्या वरच्या बाजूला टांगाव्यात. डबा घट्ट बंद नसेल तर नुसता वास येतो, अळी मरत नाही. लहान मुलांच्या हाती गोळी पडू देऊ नये, गिळल्यास विषबाधा होते. कडुनिंबाचा पाला फार तर किड्याला नाखूश करतो, आणि ओला घातला तर दमट होऊन बुरशीच आणतो.

‘पेंढा भरलेला’ जुना प्राणी किंवा पक्षी घरात असेल तर त्यावरची धूळ फुंकू नये. अठराव्या शतकात फ्रान्समध्ये बेकर (Bécœur) या औषधविक्रेत्याने काढलेला आर्सेनिकयुक्त साबण पुढे जगभर कातड्याला आतून लावला जाई. किडा का लागला नाही याचे उत्तर बहुतेकदा तेच असते. हातमोजे आणि मास्क घालूनच हात लावावा, आणि मुलांना दूर ठेवावे.