‘नौकाधारित’ विमान आणि ‘नाट्यगृह कमांड’

राफाल-मरीन या नौदलाच्या लढाऊ विमानावरच्या एका इंग्रजी लेखाचं भाषांतर तपासतेय. तीन ठिकाणी अडले. ‘नौकाधारित लढाऊ विमान’, तिन्ही दलांच्या ‘जॉइंटनेस’ला सरसकट ‘सहकार्य’ आणि ‘थिएटर कमांड’ला, म्हणजे एका रणक्षेत्रातली तिन्ही दलं एकाच अधिकाऱ्याखाली आणणाऱ्या रचनेला, (खोटं वाटेल, पण आहे) ‘नाट्यगृह कमांड’. काय सुचवाल?

—

‘आधारित’ आधी काढा. सत्य घटनेवर आधारित सिनेमा असतो, विमान नाही. शिवाय अर्थही चुकतो. नौदलाच्या मिग-२९के विमानांचा मुक्काम दाबोळीच्या ‘हंसा’ तळावर. मग त्यांना गोवाधारित म्हणायचं? मुद्दा मुक्कामाचा नाहीच, उतरण्याचा आहे. शेपटाखाली आकडा असतो, तो डेकवरच्या आडव्या तारेत अडकला की विमान शंभरेक मीटरांत थांबतं. म्हणून चाकांचे पायही दणका सोसणारे लागतात. सरळ ‘विमानवाहू नौकेवर उतरणारं लढाऊ विमान’ लिहा. लांब आहे, पण खरं आहे. मालवाहूच्या चालीवरचा ‘विमानवाहू’ मात्र झकास रुळलाय, त्याला हात लावू नका.

—

मग ‘नौदलाचं विमान’ का नको? आटोपशीर आहे.

—

कारण नौदलाची पी-८आय ही समुद्रावर टेहळणी करणारी विमानं अरक्कोणम आणि गोव्याहून उडतात, नौकेच्या वाटेला कधी जात नाहीत. इतकंच कशाला, एप्रिल २०२५मध्ये करार झालेल्या २६ राफालांपैकी ४ दोन आसनांची आहेत, ती प्रशिक्षणासाठी आणि जमिनीवरूनच उडणार. डेकवर उतरतील ती बाकीची २२. तुमच्या लेखात सगळी २६ ‘विक्रांत’वर उतरवली असतील तर तेही तपासा.

जाता जाता, तुम्ही ‘राफाल’ लिहिलंत ते बरं केलंत. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ वाऱ्याचा झोत, आणि गोळ्यांची फैरसुद्धा. ‘राफेल’ आपण इंग्रजी स्पेलिंगवरून वाचलं.

—

सहकार्याबद्दल. दोन चुली असतात तेव्हा सहकार्य: वाटीभर साखर उसनी दिली-घेतली. जॉइंट म्हणजे एकच चूल, आणि भांडण तिथेच असतं. अंदमान-निकोबारला २००१पासून तिन्ही दलं एकाच अधिकाऱ्याच्या हुकमाखाली आहेत, त्याला सहकार्य म्हणणं म्हणजे एकत्र कुटुंबाला ‘शेजारी’ म्हणणं. हवाई दलाच्या टँकरने नौदलाच्या विमानाला हवेत इंधन दिलं, तर ते सहकार्य. मी नाम टाळून ‘एका हुकमाखाली’ असं क्रियाविशेषण वापरेन. ‘संयुक्तता’ कृपया नको, दात दुखतात.

नौदलातून निवृत्त झालोय म्हणून आणखी एक: लेखात कुठे ‘कॅप्टन’ आला असेल तर जपून. नौदलाचा कॅप्टन भूदलातल्या कर्नलच्या बरोबरीचा, हवाई दलातल्या ग्रुप कॅप्टनच्या; भूदलाचा कॅप्टन त्याहून बराच कनिष्ठ. खडकवासल्याला एनडीएत तीन वर्षं एकत्र काढलेल्या आम्हा कोर्समेटांतही यावरून चेष्टा चालायची.

—

नाट्यगृहावर हसलो, पण भाषांतरकार अगदीच वाट चुकलेला नाही. आदिपर्वात कौरव-पांडवांच्या अस्त्रविद्येचं प्रदर्शन जिथे होतं आणि कर्ण जिथे शिरतो, तो रंगच. रंगभूमीवर नटाआधी मल्ल आणि धनुर्धर उभे होते. तरी आज ‘रंगभूमी कमांड’ छापलंत तर वाचक तिकीट मागेल. वृत्तपत्रं ‘थिएटर कमांड’च लिहितात. अर्थ सांगायचा असेल तिथे एकदा ‘रणक्षेत्रनिहाय कमांड’ लिहा.

—

सगळ्यांचे आभार. ‘एका हुकमाखाली’ घेतलं, थिएटर तसंच ठेवलं. कॅप्टन दोन निघाले, दोन्ही चुकीचे! आता एकच उरलं. आकडा तारेत न अडकल्यामुळे विमान तसंच पुढे उडून जातं, त्याला ‘बोल्टर’ म्हणतात. त्यासाठी?

—

म्हणूनच वैमानिक चाकं टेकताच इंजिन पूर्ण जोरात सोडतो, थांबायच्या क्षणी उडायची तयारी. वेगळा शब्द कशाला हवा? हूक हुकला.