शब्द हवे आहेत : बँजो, स्लाइड आणि स्वतःची गाणी गाणारा

प्रश्न

ताज महाल या काळ्या अमेरिकी ब्लूज कलावंतावर (ब्लूज म्हणजे अमेरिकेतल्या काळ्यांच्या गाण्यांतून आलेला संगीतप्रकार) आमच्या संगीत मंडळाच्या दिवाळी अंकासाठी लेख लिहितेय. १९४२ साली न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये जन्म, मूळ आडनाव फ्रेडरिक्स. गांधीजी आणि भारत स्वप्नात येत, त्यावरून त्याने हे नाव घेतलं. बँजो, स्लाइड गिटार, माउथ ऑर्गन वाजवतो, गातो, गाणीही रचतो.

तीन ठिकाणी अडलेय. 'बँजो' म्हटलं की आमच्या वाचकांना गणपतीची मिरवणूक आठवणार. 'स्लाइड'ला मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, म्हणावं का? आणि शब्द, चाल, गळा सगळं ज्याचं स्वतःचं, त्याला काय म्हणायचं? 'गायक-गीतकार' वाचलं की दोन माणसं वाटतात.

प्रतिसाद

बँजोचं मी सांगतो, कारण आमच्या बेंजो पार्टीत मीच ते वाजवतो. आपलं वाद्य म्हणजे लाकडी पेटी, तिच्यावर तारा आणि तारांवर टाइपरायटरसारखी बटणं. डावा हात बटणांवर, उजव्या हातातल्या पट्टीने तारा छेडायच्या. हे खरं तर बुलबुलतरंग. त्याचं कूळ जपानी ताइशोगोतोचं, ते नागोयात १९१२ साली तयार झालं. आपण त्याला पिकअप, म्हणजे आवाज स्पीकरकडे नेणारं साधन, लावला, जोडीला ढोल-ताशा घेतला आणि ते रस्त्यावर आणलं.

अमेरिकी बँजो निराळाच. गोल कड्यावर ताणलेलं कातडं, त्याला लांब दांडी. पश्चिम आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या माणसांनी कॅरिबियन बेटांवर आणि अमेरिकेत ते वाद्य घडवलं. आधी ते भोपळ्याचं असे. सुरिनाममधून नेलेला अठराव्या शतकातला एक नमुना नेदरलँड्समधल्या लायडेनच्या संग्रहालयात आहे. पुढे गोऱ्यांच्या करमणुकीच्या खेळांतून ते इतकं पसरलं की ते काळ्यांचं वाद्य आहे हेच लोक विसरले. ताज महालने १९६९ च्या जोड-अल्बमच्या दुसऱ्या तबकडीवर एकट्याने बँजो वाजवला, त्याचं मोल यामुळेच आहे. लेखात हे यायलाच हवं.

माझं म्हणणं, त्यांचा तो 'बँजो', आपला तो 'बेंजो'. आणि कृपा करून आमच्या वाद्याला 'नकली बँजो' लिहू नका. त्याला स्वतःचा वंश आहे.

प्रतिसाद

भाऊ, वंशाचं पटलं, पण एका मात्रेवर एवढा भार टाकू नका. छापताना कुणीतरी 'बँ'चं 'बें' करणारच. पहिल्यांदा 'कातडी मढवलेला अमेरिकी बँजो' लिहा, पुढे नुसतं बँजो.

एक भर. पाच तारांच्या बँजोत पाचवी तार आखूड असते, खुंटी दांडीच्या मध्यावर. अंगठा ती मधूनमधून छेडतो आणि एकच उंच सूर सतत बोलत राहतो. सतारीच्या चिकारीचं काम. आपल्या वाचकाला 'चिकारीसारखी तार' म्हटलं की कानात लगेच बसेल.

प्रतिसाद

स्लाइडला मींड नको. मींड हा कानाला येणारा परिणाम झाला, स्लाइड हे साधन आणि वाजवायची रीत. सतारीवर मींड घेताना बोट पडद्यावरच राहतं, तार बाजूला खेचली जाते. स्लाइडमध्ये बोटात काचेची किंवा धातूची नळी असते, ती तारेला नुसती टेकवून सरकवायची. दाबली तर पडद्यावर आपटून खरखर होते. सूर पडद्याच्या बरोबर वर धरावा लागतो आणि नळी किंचित थरथरवली की आवाज माणसासारखा होतो. ब्लूजचे संगीतकार डब्ल्यू. सी. हँडी यांनी साधारण १९०३ मध्ये मिसिसिपीतल्या टटवायलर स्टेशनवर एका माणसाला गिटारच्या तारांवर सुरी टेकवून वाजवताना ऐकलं, ती हीच रीत.

आपल्याकडे विचित्र वीणेवर काचेचा बट्टा फिरतो, ते याचं खरं भावंड. तरी 'बट्टा गिटार' लिहू नका, वादक 'स्लाइड'च म्हणतात. लेखात १९९५ चा 'मुमताज महल' जरूर घ्या. त्यात ताज महालसोबत विश्वमोहन भट्ट यांची मोहनवीणा आणि एन. रविकिरण यांची चित्रवीणा आहे. दोन्ही वाद्यं सरकवूनच वाजतात. ऐकताना गळा कुणाचा आणि तार कुणाची, असं क्षणभर होतं.

प्रतिसाद

तिसऱ्यासाठी शब्द तयार आहे : वाग्गेयकार. आणि तो आपल्याच भूमीवर नोंदला गेलाय. तेराव्या शतकात देवगिरीला सिंघण यादवाच्या आश्रयाने शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' लिहिला, त्यात शब्द आणि गेय, म्हणजे चाल, दोन्ही रचणारा तो वाग्गेयकार अशी व्याख्या आहे. कर्नाटक संगीतात हा शब्द आजही रोज वापरतात.

प्रतिसाद

शब्द उत्तम, पण जरा सोवळ्यातला. कपाशीच्या शेतातून आलेल्या गाण्याला तो घालायचा? मी 'शाहीर' म्हणेन. अण्णा भाऊ साठ्यांनी शब्द रचले, लोकांपुढे उभं राहून गायले. तेच काम.

प्रतिसाद

शाहीर म्हटलं की डफ, पोवाडा आणि समोरचा जमाव आला. ताज महाल मासे पकडायला जाण्याचं गाणंही गातो. वाग्गेयकार त्या मानाने मोकळा आहे, कुठल्याही विषयाला चालतो.

मूळ प्रश्नकर्ती

सगळ्यांचे आभार. वाक्य असं केलंय : "कातडी मढवलेला अमेरिकी बँजो आणि स्लाइड गिटार वाजवत स्वतःची गाणी गाणारा हा वाग्गेयकार…" शाहीर हा शब्द त्याच्या मैफलींबद्दलच्या परिच्छेदात घेते. 'रूट्स म्युझिक'ला 'मातीतलं संगीत' लिहिलंय. लोकसंगीत म्हटलं की रचनाकार अनामिक वाटतो, इथे तर नवी गाणी रचली जातात. बेंजोवाले दादा, तुमच्या वाद्याच्या वंशाची चौकट वेगळी टाकतेय. पेटीचा फोटो पाठवाल का, बटणं नीट दिसतील असा?