मदत हवी आहे: नववीच्या मुलांना 'अ, ॲन, द' शिकवण्यासाठी ॲप किंवा साइट

नमस्कार मंडळी,

मराठी माध्यमाच्या शाळेत नववीला इंग्रजी शिकवते. २००० सालापासून आपल्याकडे पहिलीपासून इंग्रजी आहे, म्हणजे या पोरांचं हे नववं वर्ष. तरी 'आय सॉ डॉग, डॉग वॉज ब्लॅक' काही सुटत नाही.

गूगल फॉर्मवर गाळलेल्या जागा दिल्या की १० पैकी ८-९ मार्क. तीच मुलं निबंधात एकही आर्टिकल लावत नाहीत, नाहीतर थेट 'द गणेश इज माय फ्रेंड'. चाचणीत रिकामी जागा समोर दिसते. निबंधात ती कोण दाखवणार?

एक गोष्ट जमली. 'ॲन अवर', 'अ युनिव्हर्सिटी' स्पेलिंग बघून चुकायची. फोनला शब्द मोठ्याने वाचायला लावले, उच्चार कानावर पडला आणि तासाभरात प्रश्न मिटला.

'द'चं तसं होत नाही. मी सांगते, 'गाय आली' म्हणजे आपली, 'एक गाय आली' म्हणजे कुणाची तरी. हे पटतं. मग एक जण विचारतो, "बाई, 'गो टू स्कूल'ला द नाही, मग 'गो टू द मार्केट'ला का?" तिथे गाय कामाला येत नाही.

व्याकरण तपासणारं ॲप स्वतःच 'द' घालून देतं, पोरं टिचकी मारून मोकळी. एआयला बजावलं, 'उत्तर देऊ नकोस, फक्त चुकलेली ओळ दाखव'. थोडा वेळ ऐकतं, मग सगळा निबंधच सुधारून हातात! अमेरिकन इंग्रजीचा कोका हा १ अब्जाहून जास्त शब्दांचा कॉर्पसही (खऱ्या लिखाणा-बोलण्यातल्या वाक्यांचा संग्रह, त्यात शब्द शोधता येतात) पाहिला. 'टू द मार्केट' शोधलं तर भरपूर शेअर बाजार निघाला. नववीला झेपणारी वाक्यं मोजकीच.

तर चूक कुठे आहे एवढंच दाखवणारं, दुरुस्त न करणारं काही आहे का? आणि सोप्या इंग्रजीतली वाक्यं कुठे शोधता येतील? वर्गात एक टीव्ही आणि माझा फोन. मुलांच्या हाती फोन येतो तो रात्री बाबा घरी आल्यावर, नेट जेमतेम.

संपादन: व्हिडिओ सुचवणाऱ्यांचे आभार, पण व्हिडिओ बघताना सगळे माना डोलावतात, लिहिताना पुन्हा तेच. सिंपल इंग्लिश विकिपीडियाचं छान सुचवलंत. अवतरणचिन्हांत शब्द टाकले की नेमकी तीच शब्दजोडी शोधता येते, हे माहीतच नव्हतं. पहिल्या प्रश्नावर मात्र अजून कुणी बोललेलं नाही.