चेतापेशी की मज्जापेशी?

प्रश्न: डॉक्टरांनी मावशीला सांगितलं, "मज्जेची तपासणी करायची आहे." नमुना हाडातून घेणार होते, पण घरात सगळ्यांनी धरून चाललं की मणक्यातल्या मज्जारज्जूला सुई लावणार. मावशी रात्रभर झोपली नाही. मज्जा म्हणजे नेमकं काय? आणि न्यूरॉनला, म्हणजे मेंदूत आणि शरीरभर निरोप वाहणाऱ्या पेशीला, मज्जापेशी म्हणायचं की चेतापेशी?

उत्तर: चेतापेशीच म्हणा. मज्जा मूळची हाडातली. आयुर्वेदाच्या सात धातूंत रस, रक्त, मांस, मेद, अस्थी यांच्या पाठोपाठ मज्जा येते. मणक्यांच्या आतली दोरीही हाडाच्या पोकळीतच असते, म्हणून तीही मज्जारज्जू झाली. हा गोंधळ एकट्या मराठीचा नाही. ग्रीकमध्ये मज्जेला 'मायेलॉस' म्हणतात. त्यावरूनच मायलोमा हा हाडातल्या मज्जेचा कर्करोग, आणि त्यावरूनच पोलिओमायलायटिस, ज्यात पाठीच्या कण्यातल्या रज्जूला सूज येते.

'नस' तर त्याहून फसवी. सलाइन लावताना नस सापडत नाही ती रक्ताची, आणि कंबरेत नस दबते ती संवेदनांची.

'चेता' मला फार आवडतो. आपण चूल चेतवतो, विस्तव चेततो, आणि ही पेशीही खरोखर चेतते. एरवी तिच्या आतला विद्युतदाब बाहेरच्यापेक्षा सुमारे ७० मिलिव्होल्टने कमी असतो. शेजारच्या पेशींकडून चेतवणारे संदेश येत गेले की हा फरक घटत जातो. तो एका मर्यादेच्या खाली आला, की सोडियमची दारं उघडतात आणि विजेची लाट अक्षतंतूवरून, म्हणजे पेशीच्या लांब शेपटीवरून, धावत सुटते. मर्यादा गाठली नाही, तर लाट उठतच नाही. गॅसचा लायटर आठवा. खटका अर्धवट दाबला तर ठिणगी नाही, पुरता दाबला की ठरलेली ठिणगी, आणि पुन्हा दाबायला तो तयार. चिमटा जोरात काढला म्हणून ठिणगी मोठी होत नाही, त्याच मापाच्या ठिणग्या भराभर पडतात. 'न्यूरॉन फायर झाला' असं लिहिणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे: 'पेशी चेतली' लिहा. शब्द आपल्या चुलीपाशीच आहे.

प्रश्न: मग सिनॅप्सला, म्हणजे दोन चेतापेशी जिथे एकमेकींना निरोप देतात त्या जागेला, चेतासंधी म्हणायचं का? संधी म्हणजे सांधा ना? तिथे तर फट असते म्हणतात.

उत्तर: याच फटीवरून मोठा वाद झाला होता. इटलीचे शास्त्रज्ञ गोल्जी म्हणत, सगळ्या चेतापेशी मिळून एकसंध जाळं आहे. स्पेनचे काहाल गोल्जींच्याच चांदीच्या रंगद्रव्याने पेशी रंगवून पाहत आणि म्हणत, प्रत्येक पेशी सुटी आहे. १९०६ चं नोबेल दोघांना विभागून मिळालं, तरी गोल्जींनी नोबेलच्या भाषणातही जाळ्याचीच बाजू धरली. बरोबर ठरले काहाल. रासायनिक चेतासंधीत सुमारे २० नॅनोमीटरची फट असते.

मग निरोप पलीकडे जातो कसा? १९२१ मध्ये शास्त्रज्ञ ओटो लोवी यांनी बेडकाच्या हृदयाची चेता (निरोप नेणारी नस) उत्तेजित करून त्याचे ठोके मंद केले. त्या हृदयाभोवतीचं द्रव दुसऱ्या बेडकाच्या हृदयावर सोडलं, तर तेही मंदावलं. या दुसऱ्या हृदयाच्या चेतेला कोणी हात लावला नव्हता, निरोप द्रवातूनच गेला होता. पुढे त्या द्रव्याची ओळख पटली: ॲसिटिलकोलीन.

आता शब्दाकडे. आपला संधिकाल म्हणजे धड दिवस नाही, धड रात्र नाही, दोहोंमधला वेळ. 'संधी'त सांधाही आहे आणि मधली जागाही, म्हणून चेतासंधी चपखल बसतो. 'संपर्कस्थान' हा शब्दही वाचनात येतो, पण मला तो खटकतो, कारण रासायनिक चेतासंधीत पेशी एकमेकींना टेकतच नाहीत.

मावशींना मात्र यातलं काही सांगू नका. "कमरेच्या हाडातला नमुना घेणार आहेत, मणक्यातल्या दोरीला हात लावणार नाहीत," एवढंच सांगा.

प्रश्नकर्ती: सांगितलं. तिने दोनदा विचारलं, "म्हणजे पाय लुळे पडायचे नाहीत ना?" मग चहा मागितला.