मदत हवी आहे: एचबीए१सीची व्याख्या आशाताईंसाठी कशी लिहावी?

तासगाव तालुक्यातल्या आशाताईंसाठी रक्ततपासणीतल्या शब्दांची छोटी पुस्तिका तयार होतेय. हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन वगैरे जमलं. एचबीए१सीवर गाडं अडलंय.

सध्याचा मसुदा असा: 'किती टक्के हिमोग्लोबिनला साखर चिकटली आहे त्याचं माप. यावरून मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी कळते. ५.७ च्या खाली ठीक, ५.७ ते ६.४ मधुमेहाचा उंबरठा, ६.५ आणि वर मधुमेह. उपाशी राहायची गरज नाही.'

अडचण पुढे आहे. हा हिशेब लाल पेशी साधारण १२० दिवस जगते या गृहीतावर चालतो. लोह कमी पडून पंडुरोग झाला असेल तर आकडा खोटाच वाढू शकतो. पेशी लवकर फुटत असतील किंवा नुकतंच रक्त चढवलं असेल तर खोटाच उतरतो. आपल्याकडे बायकांत रक्त कमी असणं सर्रास, त्यामुळे ही ओळ गाळणं मला धोक्याचं वाटतं. पण घातली की व्याख्या लांबते, वाचणारी गोंधळते.

सांगली-मिरजेतल्या लॅबवाल्यांनी आणि डॉक्टरांनी सांगावं: हा इशारा व्याख्येतच द्यावा, की 'हिमोग्लोबिन कमी असेल तर उपाशीपोटीची साखरही बघा, १२६ किंवा जास्त आली तर डॉक्टरांकडे पाठवा' अशी वेगळी चौकट करावी? नेमकी वाक्यं सुचवलीत तर फार बरं होईल.