रॅकची पॉवर: कनेक्टरइतकंच वायरकडेही बघा
साउंड सिस्टिमचा चार ॲम्प्लिफायरचा रॅक एका २० अँपिअरच्या पॉवरकॉनवर (वीज देणारा, फिरवून लॉक होणारा कनेक्टर) चालेल का, यावर वर बरीच चर्चा झाली. आकडा ठीक आहे, पण तो निळा-राखाडी पॉवरकॉन चालू लोडवर काढण्यासाठी बनवलेलाच नाही. घाईत कुणीतरी ओढतंच, आणि आतल्या संपर्कांवर ठिणगी पडते. लोडवर काढ-घाल होणार असेल तर पॉवरकॉनचाच ट्रू-१ हा प्रकार घ्या, तो १६ अँपिअरचा. मी मोठ्या रॅकला ३२ अँपिअरचा सीईई इनलेट (जाड गोल पिनांचा औद्योगिक प्लग-जोड) देतो आणि आत प्रत्येक ॲम्प्लिफायरला वेगळा एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप बंद होणारा स्विच).

वायरचा विषय मात्र राहूनच गेला. २.५ चौरस मिमी तांब्याच्या ३० मीटर केबलमध्ये १६ अँपिअरला साधारण ७ व्होल्ट पडतात, म्हणजे पुढे तेवढं व्होल्टेज कमी मिळतं; ६ चौरस मिमीमध्ये ३. आणि केबल ड्रमवरून पूर्ण सोडा. गुंडाळलेली राहिली तर आतले वेढे तापतात.

स्क्रू टर्मिनलमध्ये मल्टिस्ट्रँड (अनेक बारीक तारांच्या) वायरला फेरूल (टोकावर दाबून बसवायची धातूची छोटी नळी) लावा, सोल्डर नको. सोल्डरचं कथील दाबाखाली हळूहळू दबतं, जोड सैल होतो आणि तिथेच जळतो. मी उघडलेले बहुतेक जळके कनेक्टर असेच निघाले.

स्पीकरमधून हमिंग (सततची घूं-घूं) येतंय म्हणून अर्थिंग काढायचा सल्ला वर कुणीतरी दिलाय. कृपया तो अजिबात ऐकू नका, जीव जाऊ शकतो.